विचारा की! : आमदारकीवरची पत्रं

गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती थेट विधानसभेची. आपल्याकडे असंच असतं. सरपंचाला कुणी प्रश्न विचारत नाही, आमदारकीबद्दल मात्र प्रत्येकाला बोलायचं असतं. माझी उमेदीची वर्षं बातमीदार म्हणून विधानभवनाच्या पत्रकार कक्षात आणि आमदार निवासाच्या जिन्यांवर गेली. त्या जोरावर उत्तरं देतोय. नावं छापत नाही, गाव छापतो.

बार्शीहून एक तरुण : माझं वय २४. बी. ए. झालोय. पुढची विधानसभा लढवायची इच्छा आहे. वडील सरकारी ठेकेदार, लायसन्सवर माझंही नाव आहे. पात्रता काय लागते?

शिक्षणाची अट नाही. बी. ए. पत्रिकेवर छापा, बरं दिसतं. वय मात्र २५ पूर्ण लागतं, आणि तेही अर्जांच्या छाननीच्या तारखेला. मतदानाच्या दिवशी वाढदिवस येऊन उपयोग नाही. राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरे. बार्शीचा मतदार करमाळ्यातून उभा राहू शकतो. करमाळ्याचे लोक काय म्हणतील ते वेगळं. अनामत दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती बुडते. मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर एक सूचक, म्हणजे नाव सुचवणारा मतदार, चालतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते सगळे त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. छाननीत अपक्षांचे अर्ज उडतात ते बहुधा या दहांतल्या कुणाच्या तरी यादीतल्या क्रमांकावरून. खर्चाची मर्यादा ४० लाख. (हे वाचून कोण कोण हसलं ते मला इथे ऐकू आलं.)

आता तुमचं खरं दुखणं. राज्य सरकारशी चालू असलेलं कंत्राट तुमच्या नावावर असेल तर तुम्ही अपात्र. रस्त्याचं काम अर्धं असताना अर्ज भरलात तर विरोधी उमेदवाराचा वकील छाननीला कागद घेऊन उभाच असेल. पण काम तुमच्या बाजूने पूर्ण झालं असेल आणि फक्त सरकारकडून बिल यायचं राहिलं असेल, तर कायदा ते कंत्राट चालू धरत नाही. ही तरतूद ठेवणाऱ्याला आपल्या खात्यांचा अनुभव असावा. तेव्हा निवडणुकीच्या वर्षभर आधीच वकील गाठून लायसन्सवरून नाव काढायचं की काय ते ठरवा.

माढ्याहून एक माजी ग्रामपंचायत सदस्य : तिसऱ्या अपत्यामुळे माझं सदस्यत्व गेलं. मग विधानसभेलाही बाद का?

नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्याचा नियम ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्यापुरता. हा कायदा करणाऱ्या आमदारांना स्वतःला तो लागू नाही. तुम्ही गावचे पंच होऊ शकत नाही, पण आमदार होऊ शकता. यावर मी भाष्य करत नाही, तुमचं तुम्हीच करा.

पुण्याहून, मूळचे सांगोल्याचे वाचक : आमचे वडील गणपतराव देशमुखांच्या आठवणी सांगायचे. अकरा वेळा आमदार, एसटीने प्रवास. माझा मुलगा म्हणतो, दंतकथा असतील, किंवा नुसतं जातीचं गणित. शिवाय हा देशातला विक्रम असल्याचा मजकूर फिरतो. खरं काय?

अकरा वेळा हे खरं. गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकील, शेतकरी कामगार पक्षाचे. सांगोल्यातून १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, २०१४ ला शेवटचं. १९७२ ला पडले, दोन वर्षांनी पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले, अवघ्या १९२ मतांनी. पाडणारे शहाजीबापू पाटील. होय, तेच ते, पुढे २०२२ ला गुवाहाटीच्या झाडी-डोंगरांवरून जगभर गाजलेले.

गणपतराव पहिल्यांदा सभागृहात आले तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते, शेवटच्या कारकिर्दीत देवेंद्र फडणवीस. नरिमन पॉइंटचं विधानभवन १९८१ चं. त्याआधी सभागृह रीगल सिनेमासमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचं. दोन्ही इमारतींत इतका काळ बसलेला दुसरा आमदार दाखवा. त्यातला बहुतेक काळ विरोधी बाकांवर. मंत्री दोनदा झाले, १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात. पहिलं सरकार दोन वर्षंही टिकलं नाही आणि दुसऱ्याचा पाठिंबा २००२ ला त्यांच्याच पक्षाने काढला.

देशातला विक्रम म्हणाल तर तो मजकूर पुढे पाठवू नका. करुणानिधी तामिळनाडूत १३ वेळा निवडून आले, मतदारसंघ बदलत. केरळातले के. एम. माणी तर पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा. महाराष्ट्रापुरतं बोललात तर कुणी आडवं येणार नाही.

जातीचं गणित? तेही होतं. सांगोल्यात धनगर समाज मोठा आणि गणपतराव त्याच समाजाचे. हे लपवून कशाला ठेवायचं? पण एका समाजाच्या मतांवर एखादी निवडणूक निघते, अकरा नाही. त्याच गणितात दोनदा पडलेही ना.

आता एसटीबद्दल. ते खरंच एसटीने हिंडायचे, राहणी साधी होती, जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांच्या एसटीच्या गोष्टी आपण इतक्या चघळल्या की माणसाचं काम त्याखाली झाकून गेलं. साधेपणाचं कौतुक करायला काही लागत नाही, ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. कामाबद्दल बोलायचं तर पाण्याचा हिशेब मांडावा लागतो.

तो थोडा मांडतो. सांगोला म्हणजे माणदेश. माण नदी नावाची, वर्षातले बरेच महिने वाळूच. रविवारच्या बाजारात खिलार जनावरं आणि शिवारात डाळिंब, ही तालुक्याची ओळख. पण डाळिंबालाही टँकरनं पाणी घातल्याचे दिवस लोकांनी काढलेत. कृष्णेचं पाणी इकडे आणायचं तर कराडजवळ टेंभूला उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत आणावं लागतं, कारण मध्ये चढ आहे. ही मागणी एका तालुक्याच्या आमदारानं रेटून होण्यातली नव्हती. म्हणून १९९३ पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी पुढे, गणपतराव आणि डॉ. भारत पाटणकर सोबत. दरवर्षी तीच परिषद, तेच ठराव, तीच आकडेवारी, फक्त पुढची तारीख. बातमीदारांना कंटाळा यायचा. आमच्या संपादकांना तर आटपाडीचं नाव काढलं की जांभई यायची. पण परिषदेत ठराव झाला की अधिवेशनात त्याचा प्रश्न लागायचा, प्रश्नाला उत्तर मिळालं की ते उत्तर पुढच्या परिषदेत वाचून दाखवलं जायचं. मैदान आणि सभागृह एकाच कामाला जुंपणं म्हणजे काय ते मला इथे कळलं. पाणी आलं, पण किती उशिरा! ज्यांनी पहिल्या परिषदेला सतरंजीवर बसून टाळ्या वाजवल्या त्यांतले बरेच जण ते बघायला राहिले नाहीत. पक्ष न बदलण्याची किंमत असते ती अशी. सत्तेतल्या पक्षात गेले असते तर पाणी लवकर आलं असतं, असं तालुक्यात म्हणणारे तेव्हाही होते. मला ते म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नाही. पण मग तेरा तालुके एकत्र राहिले असते का, हाही प्रश्न आहेच.

२०१९ ला नव्वदी ओलांडलेले गणपतराव उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी हरले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. ३० जुलै २०२१ ला गणपतराव गेले. २०२४ ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शहाजीबापूंना हरवून निवडून आले. साधेपणाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी हेही सांगावं, की वारसा या घरातही आलाच. मुलाला म्हणावं, दंतकथा नाही, पण देवमाणसाची पोथीही नाही.

साताऱ्याहून एक शिक्षिका : टीव्हीवर सभागृह बघते तर नुसता गोंधळ, हौद्यात (अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत) उतरणं, पायऱ्यांवर घोषणा. आमदार आत करतात काय? आणि माझ्या आमदारानं काय केलं हे मला कसं कळेल?

पायऱ्यांवरचं आंदोलन कॅमेऱ्यासाठी असतं, ते बघूच नका. सकाळचा प्रश्नोत्तराचा तास बघा. त्याची छापील यादी असते. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं उभं राहून द्यायचं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. भाषा ठरलेली. ‘मौजे अमुक येथील पाझर तलावाचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि खाली मंत्र्याचं उत्तर : ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

एवढ्यावर नवखा आमदार खाली बसतो. तालुक्यात जाऊन सांगतो, मी प्रश्न विचारला होता. तयारीचा आमदार इथे उठतो. ‘अध्यक्ष महाराज, मंत्रिमहोदय म्हणतात हे खरे नाही. मग याच तलावाच्या ठेकेदाराला खात्याने नोटीस कशासाठी काढली?’ आणि नोटिशीचा जावक क्रमांक वाचून दाखवतो. मंत्री मागे बघतात, अधिकारी कक्षातून चिठ्ठी येते, आणि ‘हे खरे नाही’चं बघता बघता ‘अंशतः खरे आहे’ आणि मग ‘बाब तपासून पाहण्यात येईल’ होतं. मी ते बघायला थांबायचो. तो जावक क्रमांक आमदाराच्या हाती कसा पडला, हीच त्याची खरी कमाई. कुणीतरी कनिष्ठ अभियंता किंवा एखादा कारकून त्याच्यावर विश्वास टाकतो, तेव्हा तो क्रमांक मिळतो.

तासाभरात यादीतले मोजकेच प्रश्न चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं पटलावर. त्याशिवाय तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष ओढणाऱ्या लक्षवेधी सूचना आहेत, अर्थसंकल्पाच्या वेळी खात्याची रक्कम कापा म्हणून मांडायच्या कपात सूचना आहेत, अर्धा तास चर्चा आहे. समित्यांचं कामकाज तर कॅमेऱ्यासमोर होतच नाही, आणि तिथे सचिवाला समोर बसवून दोन-दोन तास विचारता येतं. माझ्या मते आमदाराची पारख करायची तर सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीत तो काय वाचून जातो यावर करावी. पण त्याची बातमी आमच्या लोकांनीही क्वचित केली.

तुमच्या आमदाराचं काम शोधायचं तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाजाचे वृत्तांत असतात. नाव शोधा. एक सूचना : एका प्रश्नाखाली दहा-पंधरा आमदारांची नावं असतात. त्यातलं पहिलं नाव कुणाचं आणि उपप्रश्न कुणी विचारला, ते बघा. नाव लावणारे वेगळे, उठणारे वेगळे.

तासगावहून : आमच्याकडे सध्या मंत्रिपद नाही. नुसत्या आमदारानं काय होतं?

तासगावकरांनी हे विचारावं? वि. स. पागे तुमच्या तालुक्याचे. मंत्री म्हणून त्यांचं नाव कुणाला आठवत नाही, कारण ते होते विधान परिषदेचे सभापती, १९६० ते १९७८. मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्यांनी लावून धरली, विसापूर भागात तिचा आधी प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली. पुढे कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर त्यासाठीच आला. पगाराच्या चिठ्ठीवर आजही तो दिसतो. कशासाठी सुरू झाला हे कापून घेणाऱ्यालाही आठवत नाही. केंद्रानं २००५ ला देशासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

नागपूरहून : एकदाच निवडून आलेल्यालाही पेन्शन असते का? किती?

असते. २०१६ च्या वाढीनंतर महिना ५० हजार, आणि पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला दोन हजार जादा. तुमचा संताप पत्रातून पोचला. नागपूरकर असून हुरडा आणि संत्र्यांबद्दल एक अक्षर नाही, एवढंच खटकलं. हिवाळी अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारामुळे तुमच्याकडे येतं. निदान त्या काळात तरी गॅलरीचा पास काढून आत जाऊन बसा.

नाव-गाव न देणाऱ्या एक ताई : सासर राजकीय. महिलांसाठी जागा राखीव झाली तर मला उभं करायचं घरात ठरलंय. मला कुणी विचारलेलं नाही. मी काय करू?

२०२३ ची घटनादुरुस्ती एक तृतीयांश जागा देते, पण ती जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधलेली आहे. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे. तो वापरा. घरी सकाळी माणसं येतच असतील : डीपी जळालाय, निराधारचा पगार अडकलाय, मुंबईच्या दवाखान्याचं बिल आहे, पोलिसांत भाऊबंदकीची केस आहे. आत चहा करत बसू नका, बाहेर बसा. कोणता अर्ज तहसीलला जातो, कोणता महावितरणला, कोणत्या कामाला पत्र पुरतं आणि कुठे फोन करावा लागतो, हे वहीत उतरवा. दीर-सासरे हे कधी शिकवणार नाहीत, कारण त्यांची सत्ता त्यातच आहे. मृणाल गोरे मुंबईत पाण्याच्या नळापासून सुरुवात करून आधी महापालिकेत गेल्या आणि १९७२ ला विधानसभेत. त्यांना कुणी उभं केलं नव्हतं. तुम्हाला करतायत; पण एकदा शपथ घेतली की सभागृहात सही तुमची असते, सासऱ्यांची चालत नाही. आणि उभं राहायचंच नसेल तर आत्ताच सांगा, तिकीट जाहीर झाल्यावर सांगणं फार महागात पडतं.

जतहून : गेल्या विधानसभेला अपक्ष लढलो. अनामत गेली, मित्र गेले, एक गुंठा जमीनही गेली. पुन्हा लढावं का? लोक म्हणतात गणपतराव पण हरले होते.

गणपतराव १९२ मतांनी हरले होते, साहेब. तुमची अनामत गेली. दोन्हीला एकच शब्द असला तरी दोन्ही एक नाही.

पण तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक गोष्ट आहे जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तुमच्या दोन गावांत तुम्हाला पहिल्या क्रमांकाची मतं आहेत, आणि त्या दोन्ही गावांत तुम्ही चारा छावणीच्या बिलांसाठी भांडला होता. मग विधानसभा कशाला? तुमचा जिल्हा परिषदेचा गट त्या दोन गावांच्या आसपासच असणार. तिथल्या बाकीच्या गावांत छावणीच्या बिलांसारखंच काय अडकून पडलंय ते शोधा. शेतकऱ्याच्या लग्नाला, दहाव्याला जावंच लागतं, ते सगळेच उमेदवार जातात. बिलं काढून द्यायला कुणी जात नाही. उरलेली जमीन विकू नका. हे घरच्यांच्या वतीनं लिहितोय असं समजा.

आणि एक तातडीचं. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, पडलेल्या उमेदवारानंही. कित्येक अपक्ष हरल्याच्या तिरमिरीत तो देतच नाहीत आणि निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवतो. तुम्ही दिला होता का, हे पत्रात लिहिलेलं नाही. दिला असेल तर पोच शोधून ठेवा. दिला नसेल, तर जिल्हा निवडणूक कार्यालयाची नोटीस आली होती का ते घरात विचारा. अशी पाकिटं बहुधा कपाटावर न फोडता पडलेली असतात. नोटीस सापडली तर तिच्यावरची तारीख मला कळवा, पुढच्या अंकात नाही तर फोनवर सांगतो काय करायचं ते.